टपालात एफ नव्हे, ई

आमचे हे नेहमी म्हणतात, "तू विचारत नाहीस, जाहीर करतेस." लग्नाला चोवीस वर्षं झाली, तेव्हापासून ऐकते आहे आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देते आहे. नर्सने विचारत बसायचं नसतं. इंजेक्शन देऊ का, असं विचारलं तर जगात कोणीही हो म्हणणार नाही.

सतरा वर्षं मी वॉर्डात काढली. मग एका धिप्पाड पेशंटला उचलताना कंबरेत चमक भरली ती भरलीच, आणि मला हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात बसवलं. प्रमुख म्हणून बसवलं, हा त्यातला विनोद. तोवर कॉम्प्युटर मी फक्त फडक्याने पुसला होता. खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. दोन खिडक्या, त्यातली एक कपाटामागे गेलेली. चार टेबलं आणि भिंतीवर एक फोन. तो वाजला की समजायचं, वर अपघात विभागात कोणीतरी आलंय आणि डॉक्टरांना त्याचे जुने कागद हवेत. कुठल्या औषधाची ॲलर्जी, मागे कसलं ऑपरेशन झालं, रक्तगट कुठला. हे सगळं डॉक्टरांचा संयम सुटायच्या आत सांगायचं, म्हणजे साधारण चाळीस सेकंदांत.

ते सांगायचे भाऊ. मी आले तेव्हा ते त्या खोलीत अकरा वर्षं मुरलेले होते. समोर सगळे त्यांना भाऊ म्हणत, पाठीमागे उंदीरमार, कारण त्यांनी आपला माऊस वायरीसकट ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवला होता. पहिल्या दिवशी मी माझा माऊस मुठीत धरून पडद्यावरचा तो बाण शोधण्याच्या चौकटीत नेऊ पाहत होते आणि तो काही केल्या तिथे थांबत नव्हता. शेजारून आवाज आला, "सिस्टर, ते ठेवा खाली. हात कीबोर्डवरून उचलला की दोन सेकंद गेले. परत आणला की आणखी दोन. वरचा पेशंट तोवर काय चहा पीत बसणार आहे?"

मी त्यांची प्रमुख आणि हे मला दरडावतात! डोक्यात तिडीक गेली. पण बोलणं खोटं नव्हतं, म्हणून मी गिळलं.

आमच्याकडे चार प्रोग्रॅम. चार जावांचा एकत्र संसार असावा आणि प्रत्येकीने मीठ वेगळ्या डब्यात ठेवावं, तशी त्यांची तऱ्हा. जुन्या रजिस्टरात शोधायच्या चौकटीत उडी मारायची तर एफ थ्री. लॅबच्या रिपोर्टांत नुसती तिरकी रेघ. नव्या रजिस्टरात कंट्रोल एफ, मग नाव, मग एंटर, आणि मागची सगळी वर्षं धुंडाळायची असली तर त्यावर कंट्रोल एंटर. ईमेलला भाऊ टपाल म्हणत. तिथे कंट्रोल ई. हे सगळं त्यांनी ठळक मार्करने, अंगठ्याएवढ्या अक्षरांत कागदावर लिहिलं आणि तो कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवला.

"टपालात एफ नव्हे, ई," ते रोज सांगत. "एफ दाबलंत तर समोर उघडलेलं पत्र दुसऱ्याला धाडायची तयारी सुरू होते. त्यात नाव टाकलंत आणि सवयीने कंट्रोल एंटर मारलंत की गेलं. मग बसा बोंबलत."

"मी काय लहान आहे?" मी म्हणायची.

"लहान असतात ते ऐकतात तरी."

सहा महिन्यांत माझा माऊस धूळ खाऊ लागला. फोन वाजायचा, डॉक्टर नाव सांगायचे, माझी बोटं आपोआप चालायची. कधी मी आधी सांगायची, कधी भाऊ. बहुतेक वेळा भाऊच. ते सांगून झालं की खुर्चीत मागे टेकून म्हणायचे, "सापडला." पेशंट स्वतःच हरवला होता आणि यांनी त्याला घरी आणून सोडला, असा तो सूर असायचा.

मग एका सोमवारी लॅबचा प्रोग्रॅम नवा झाला. सकाळी उघडला तेव्हा पडद्याच्या मधोमध सूचना आली, की तिरकी रेघ आता चालणार नाही, शोधण्यासाठी कंट्रोल के दाबा. मी वाचली. आमच्या दोघी कारकून मुलींनी वाचली. के वरून दोन विनोदही झाले. भाऊ तेव्हा रजिस्टरात मान घालून बसले होते.

संध्याकाळी जायच्या आधी दिवसभराचे रिपोर्ट एकदा नजरेखालून घालायचे, ही माझी वॉर्डातली खोड. त्यात एका ट्रक ड्रायव्हरच्या रक्ताच्या रिपोर्टखाली, शेऱ्याच्या चौकटीत, एक तिरकी रेघ दिसली आणि तिच्यापुढे कुठल्या तरी बाईचं आडनाव. मला हसू आलं. मग दुसरा सापडला. एका मुलीच्या रिपोर्टखाली एका म्हाताऱ्याचं पूर्ण नाव. आता हसू गेलं. हा कागद वर गेला असता तर डॉक्टरांनी हे रक्त कोणाचं समजायचं? दोन्ही ठिकाणी नोंद करणाऱ्याचं खातं भाऊंचं होतं. मी ते शेरे पुसले आणि कोणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलींना चहाला पिटाळलं आणि भाऊंना त्या दोन रिपोर्टांचं सांगितलं, रेघ जाऊन के आल्याचंही.

"भाऊ, काल लॅबमध्ये सूचना आली होती ती वाचली नाहीत?"

"कुठली सूचना?"

"पडद्याच्या अगदी मधोमध होती."

त्यांनी कीबोर्ड पुढे सारला. मग म्हणाले, "मधोमध म्हणजेच तर पंचाईत आहे, सिस्टर."

त्यांच्या डोळ्यांचं हे सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. समोर बघितलं की मधलं जायचं. कोणीतरी डोळ्यावर अंगठा टेकवून ठेवावा तसं. कडेचं सगळं दिसायचं. "तुमच्याकडे बघतो तेव्हा तुमचे कान दिसतात, चेहरा नसतो," ते म्हणाले. "तुम्ही चिडलात की नाही हे मी आवाजावरून ओळखतो. तसं ते अवघड नाही म्हणा." डॉक्टर म्हणाले होते की हे बरं होणार नाही, पण कडेचं शाबूत राहील. माऊसचा बाण त्यांना केव्हाच दिसेनासा झाला होता. म्हणून तो ड्रॉवरमध्ये. अक्षरं प्रचंड मोठी करून, मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून ते वाचत. वाकड्या मानेला आम्ही मणक्याचं दुखणं समजत होतो.

मी सतरा वर्षं वॉर्डात काढलेली नर्स. माणूस दारातून आत आला की त्याला ताप आहे का, हे चालीवरून सांगायची. आणि हे माझ्या नाकासमोर चाललं होतं. मला त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त.

"निवृत्तीला चौदा महिने राहिलेत," भाऊ म्हणाले. "कीबोर्डच्या कळा मला पाठ आहेत. के सांगितलंत, आता के दाबीन. तेवढे महिने झाकून ठेवा."

"आणि परत कुठला प्रोग्रॅम बदलला तर?"

"सिस्टर, घरी मुलगा आणि सूनबाई फार चांगली आहेत. इतकी चांगली की मी पाण्याला उठलो तर दोघं धावतात. घास सुद्धा भरवतील. इथे फोन वाजतो आणि मी कोणाला तरी काहीतरी शोधून देतो. ते गेलं की मी नुसता बसवून ठेवलेला माणूस."

मी म्हणाले, "बघते."

'बघते' म्हणजे हो नव्हे आणि नाही नव्हे, हे प्रत्येक बाईला माहीत असतं. भाऊंनी ते हो म्हणून घेतलं, आणि घेऊ दिलं ते मीच.

चार दिवस मला नीट झोप नाही. ट्रक ड्रायव्हरच्या रिपोर्टखालचं ते आडनाव डोळ्यांपुढून हलेना. पाचव्या दिवशी मी अधीक्षकांना ईमेल लिहिला. अधीक्षक म्हणजे आमच्या हॉस्पिटलचा सगळा कारभार बघणारे साहेब. सभ्य भाषेत लिहिला. भाऊंची इतक्या वर्षांची सेवा, त्यांचा अनुभव, लॅबमधल्या त्या दोन चुका, सगळं घातलं. शेवटी लिहिलं: 'मात्र त्यांना आता पडद्यावरचं नीट दिसत नाही. ते अंदाजाने काम करतात. पेशंटच्या दृष्टीने हे धोक्याचं आहे, तरी त्यांना या विभागातून हलवावं.' भाऊंना सांगितलं नाही. आधी व्हायचं ते होऊ दे, मग समजावून सांगू, असं ठरवलं. म्हणजे नेहमीसारखं जाहीर करू.

दोन दिवसांनी अधीक्षकांचं उत्तर आलं. याआधी अशा चुका झाल्या होत्या का, तारखा कळवा. दुपारची जेवणाची सुट्टी होती. भाऊ डबा घेऊन मागच्या व्हरांड्यात गेले होते, मुलीही बाहेर होत्या. मी माझं मूळ पत्र उघडून पुन्हा वाचलं. मग जुन्या ईमेलांत भाऊंच्या नावाची कोणाची तक्रार आहे का, ते शोधावं म्हटलं. सकाळपासून नव्या रजिस्टरात काम करून बोटांना वळण पडलेलं. मन पत्रात, हात आपल्या वाटेने. कंट्रोल एफ. भाऊंचं नाव. एंटर. सगळी वर्षं बघायची म्हणून कंट्रोल एंटर.

पडद्यावरून पत्र नाहीसं झालं आणि खाली एक ओळ आली: पाठवलं.

कोणाला, ते बघायची गरज नव्हती. नाव मीच टाकलं होतं.

पत्र परत ओढता येतं का, ते शोधलं. आमच्याकडे नाही येत. मग उठले आणि भाऊंच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांचं टपाल उघडंच होतं. ते परत यायला अजून दहा मिनिटं होती. पत्र पुसून टाकायचं, कचऱ्यातूनही पुसायचं, विषय संपला. कशाने काय होतं, हे सगळं मला त्यांनीच शिकवलं होतं.

पण तो पडदा! मी त्यांच्या बाजूने तो कधी पाहिलाच नव्हता. एका वेळी जेमतेम तीन शब्द मावत होते, एकेक अक्षर माझ्या मुठीएवढं. पुढचं वाचायला बाणाची कळ दाबायची, आणखी तीन शब्द सरकून यायचे. मी माझंच पत्र तसं वाचू लागले. 'मात्र त्यांना आता.' कळ. 'पडद्यावरचं नीट दिसत.' कळ. 'नाही. ते अंदाजाने.' त्या शब्दापाशी मी थांबले. या माणसाने दोन वर्षं या तीन-तीन शब्दांतून लोकांचे रक्तगट काढून दिले होते, आमच्या सगळ्यांच्या आधी. अंदाजाने? पाठ केलेल्या गोष्टीला अंदाज म्हणत नाहीत. मला ते ठाऊक होतं आणि तरी मी लिहिलं होतं, कारण तो शब्द घातला की पत्र वजनदार होत होतं.

बोट डिलीटवर होतं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "कोण बसलंय माझ्या खुर्चीत?"

"मी आहे, भाऊ."

"ते कळलं, पावडरचा वास आला. पण तिथे का बसलात?"

खोटं बोलायला पाच गोष्टी सुचल्या. एकही तोंडातून निघेना. "तुम्हाला माझं एक पत्र आलंय," मी म्हटलं. "तुम्हाला पाठवायचं नव्हतं. चुकून गेलं."

भाऊ मोठ्याने हसले. "एफ दाबलंत ना?"

"हो."

"शंभर वेळा सांगितलं होतं. उठा, बघू दे काय मौजेचं लिहिलंय."

मी उठले. पळून जावं असं फार वाटलं, पण त्यांच्यामागेच उभी राहिले. त्यांनी मान वाकडी केली आणि पत्राच्या पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. तीन शब्द, कळ, तीन शब्द, कळ. माझं कौतुकाचं पाल्हाळ संपता संपेना. आपण किती फाफटपसारा लिहितो, हे मला त्या दिवशी कळलं. मग कळेचा आवाज थांबला. मी भिंतीवरच्या फोनकडे बघत होते. वाजला असता तर बरं झालं असतं. नाही वाजला.

"बाकी सगळं बरोबर आहे," भाऊ शेवटी म्हणाले. आवाजात हसू उरलं नव्हतं. "धोका आहे हेही बरोबर. मलाही त्या दोन रिपोर्टांनी झोप नव्हती. अंदाजाने हा एक शब्द चुकीचा आहे, मॅडम."

आजवर त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

"भाऊ, मी..."

"थांबा."

त्यांनी कंट्रोल एफ दाबलं, मुद्दाम, सावकाश. अधीक्षकांचं नाव टाकलं. माझ्या पत्राच्या वर ते लिहू लागले, आणि मी मागून तीन-तीन शब्दांनी वाचत राहिले. 'खालील मजकूर खरा आहे. अंदाजाने हा शब्द सोडून. लॅबमधल्या दोन चुका माझ्या आहेत. दोन्ही वेळा मी शोधायला गेलो आणि प्रोग्रॅमने ते लिहिणं समजलं. तरी माझ्या खात्याची लिहिण्याची मुभा काढून घ्यावी. शोधण्याची राहू द्यावी. म्हणजे माझी कळ चुकली तरी कोणाच्या कागदावर डाग पडणार नाही.'

कंट्रोल एंटर.

मी तिथेच एका कारकून मुलीच्या खुर्चीवर बसले. एवढं सोपं होतं. लिहिणं बंद, शोधणं चालू. पेशंटही सुरक्षित, माणूसही जागेवर. हे चार रात्री जागून मला सुचलं नाही आणि त्यांनी चार मिनिटांत लिहिलं. त्यांनी कदाचित त्या मंगळवारीच सांगितलं असतं. मी फक्त म्हणायला हवं होतं, भाऊ, आता काय करू या? पण मी विचारलंच नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"हो," भाऊ म्हणाले. दुसरा कोणी असता तर जाऊ द्या म्हणाला असता. ते नाही म्हणाले, आणि मला ते योग्यच वाटलं.

नऊ दिवस काहीच आलं नाही. त्या नऊ दिवसांत भाऊ वेळेवर येत, फोन घेत, नावं शोधून देत, आणि माझ्याशी कामापुरतं बोलत. 'सापडला' म्हणत नसत. मी दोनदा अधीक्षकांच्या दारापर्यंत जाऊन आले. तिसऱ्यांदा आत गेले आणि सांगितलं की तो शब्द मी परत घेते, लेखी घेते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "हे तुमचे भाऊ खरंच चाळीस सेकंदांत शोधतात?"

"तीस," मी म्हटलं. "चाळीस मला लागतात."

दहाव्या दिवशी दोन ओळींचा हुकूम आला. लिहिण्याची मुभा रद्द. शोधण्याचं काम निवृत्तीपर्यंत तेच करतील आणि नोंदी विभागप्रमुख करतील, म्हणजे मी. घरी सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "म्हणजे तुझंच काम वाढलं." वाढू दे म्हटलं.

त्या आठवड्यात भाऊंनी कळांचा कागद नव्याने लिहिला. लॅबच्या ओळीत रेघेच्या जागी के. सगळ्यांना एकेक दिला. मुलींच्या आणि माझ्या कागदात एका ओळीचा फरक होता. माझ्यावर सगळ्यात खाली, त्याच अंगठ्याएवढ्या अक्षरांत, लिहिलं होतं: शंका आली तर आधी मला विचारा.

मी तो काचेखाली ठेवला. आणि विचारू लागले. रोज सकाळी ईमेल उघडला की मोठ्याने विचारते, "भाऊ, टपालात कुठली?" उत्तर मला झोपेतही येईल. मुली एकमेकींकडे बघून हसतात. बाईंचं डोकं गेलं, असं त्यांना वाटत असणार.

"ई, मॅडम," भाऊ म्हणायचे. मान वाकडी, नजर माझ्या कानाकडे. ई, मॅडम. ई, मॅडम. तीन महिने रोज.

परवा मी जरा उशिरा आले. घाईत बसले, ईमेल उघडला आणि विचारायचं राहून गेलं. कंट्रोलवर बोट ठेवलं होतं, तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून आवाज आला.

"आज विचारलं नाही ते?"

"विचारते ना. टपालात कुठली, भाऊ?"

"ई," ते म्हणाले. "आणखी किती वेळा सांगू, सिस्टर?"